सत्तावन्न किलोंची विस्मृती

१

‘आता कुठं राहिले पैलवान?’ हे वाक्य मी समजायला लागल्यापासून ऐकतो आहे. जवळा बाजारला बाजारच्या दिवशी हॉटेलाच्या बाकड्यावर बसलेली जुनी माणसे ते म्हणायची. आज त्यांची मुले तशाच बाकड्यावर बसून तेच म्हणतात. मी ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा ऐंशीचे दशक चालू होते. म्हणजे ज्या ‘आता’ला ती माणसे नावे ठेवत होती, त्या ‘आता’त हरिश्चंद्र बिराजदार, युवराज पाटील, सतपाल ही नावे ताजी होती. आज आपण तीच नावे घेऊन म्हणतो, की तसे मल्ल पुन्हा झाले नाहीत. तक्रार जागची हलली नाही. तिच्या पोटातली माणसे तेवढी बदलली. एवढ्यावरूनही शंका यायला हवी, की ही तक्रार पैलवानांविषयी कमी आणि आपल्याविषयी जास्त असावी.

जवळा नावाची गावे मराठवाड्यात बरीच आहेत. आमचे औंढा नागनाथ तालुक्यातले, नावातच बाजार असलेले. १ मे १९९९ पर्यंत आम्ही परभणी जिल्ह्यात होतो, मग हिंगोलीत आलो. इथे कोल्हापूरचे खासबाग मैदान नाही. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींची मालिका नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या या मुलखाच्या वाट्याला शाहू महाराजांसारखा मल्लविद्येचा आश्रयदाताही आला नाही. आमच्याकडे कुस्ती आली ती जत्रेतून. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला ‘मैदान’ किंवा ‘फड’ म्हणतात, त्याला आम्ही ‘दंगल’ म्हणतो. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाची मोठी यात्रा असो, नाहीतर एखाद्या वाडीवरच्या देवाची एका दिवसाची जत्रा. दुपार कलली की हलगी वाजू लागते आणि लहान पोरांची नारळावरची कुस्ती आधी लागते. कुस्तीशी आमचे नाते असे वर्षातून एखाददुसऱ्या दिवसाचे, पण रक्तातले.

यंदा हा लेख लिहायचे ठरल्यावर मी बाजारच्या तीन-चार दिवशी भेटेल त्याला एकच गोष्ट विचारली : आठवतील त्या पाच पैलवानांची नावे सांगा. हे काही सर्वेक्षण नव्हे, बसल्या बसल्या केलेल्या गप्पा होत्या. साठीपुढच्यांनी बिराजदार, सतपाल, मारुती माने, दारासिंग अशी नावे घेतली आणि ती घेताना त्यांचे आवाज चढले. चाळिशीतल्यांनी हसत हसत अंडरटेकर आणि खली सांगितले. विशीतल्या पोरांनी सिकंदर शेख म्हटले आणि खिशातून मोबाइल काढला. राहुल आवारे हे नाव मात्र एकानेही घेतले नाही. राहुल बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा, म्हणजे आमच्याच मराठवाड्यातला. २०१८च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ५७ किलो गटात सुवर्णपदक जिंकले. २०१९ साली कझाकस्तानात नूर-सुलतान येथे जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात त्याने कांस्यपदक मिळवले. असा मल्ल लक्षात ठेवण्याजोगा नाही, असे कोणीच म्हणणार नाही. तरीही तो लक्षात राहिलेला नाही.

म्हणून ‘नवे मल्ल लक्षात राहण्याजोगे का नाहीत?’ हा प्रश्नच मला उलटा वाटतो. मल्ल लक्षात राहतो, त्यात त्याच्या कर्तबगारीचा वाटा किती आणि त्याला पाहणाऱ्या-सांगणाऱ्यांचा किती, हे आधी तपासले पाहिजे.

२

ही तपासणी आपल्या घरापासून, म्हणजे दिवाळी अंकांपासून सुरू करणे बरे. पैलवानांवरचा मराठी लेख एव्हाना साच्यात बसला आहे. आरंभी तांबडी माती येते; तिच्यात ताक, तेल, लिंबू, हळद मिसळलेली असते. मग राजर्षी शाहू आणि १९१२ साली उभे राहिलेले खासबाग. मग खुराक : किती शेर दूध, किती बदाम, किती तूप, किती जोर, किती बैठका. हे आकडे लेखागणिक वाढत जातात. मग एक भली मोठी कुस्ती, जिला पाहायला झाडांवर माणसे चढली होती. मग म्हातारपण, सरकारी मानधनाची वाट पाहणे, भिंतीवरचे तसबिरीतले रूप. आणि शेवटी उसासा : ती माती राहिली नाही, ते मल्ल राहिले नाहीत.

या लेखांत खोटे फारसे नसते. त्यांची अडचण वेगळी आहे. त्यांत कुस्ती नसते. डाव कुठल्या बाजूने लागला, समोरच्याने तो कसा तोडला, दम कोणाचा आधी गेला, पंचांनी काय केले, यावर एक परिच्छेदही सापडत नाही. मल्लाचे शरीर असते, त्याचे जेवण असते, त्याचा शेवट असतो. ज्या विद्येसाठी तो शरीर कमावत होता, ती विद्या गाळलेली असते. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लविनोदाचे प्रकरण घातले. त्यात मल्लांचे ज्येष्ठिक, अंतर्ज्येष्ठिक, गोवल असे वर्ग केले, त्यांचा आहार सांगितला, मेहनत सांगितली. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आमच्या मराठवाड्याच्या उंबऱ्यावरचे. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या राजाला विद्येची वर्गवारी करावीशी वाटली. आपल्याला मात्र बदाम मोजावेसे वाटतात.

स्मरणरंजनाचा दोष भूतकाळावर प्रेम करण्यात नाही. ज्यावर आपण प्रेम करतो म्हणतो, त्याकडे न पाहण्यात आहे. ज्याने बिराजदारांची कुस्ती नीट पाहिली आणि नीट सांगितली, त्याला आजच्या कुस्तीतही काय पाहायचे ते कळते. ज्याने केवळ त्यांचा खुराक पाठ केला, त्याला आजच्या पैलवानात काहीच दिसत नाही, कारण खुराक आता पावडरीच्या डब्यात आहे आणि त्यावर गहिवर येत नाही.

३

आपण ज्याला सुवर्णकाळ म्हणतो, तो काळ तरी आपल्या मल्लांना लक्षात ठेवत होता का? या प्रश्नाचे सर्वांत अवघड उत्तर म्हणजे खाशाबा जाधव.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ साली लंडन ऑलिम्पिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी बँटमवेट, म्हणजे ५७ किलोपर्यंतच्या गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यानंतर दुसरे वैयक्तिक पदक यायला १९९६ साल उजाडावे लागले; अटलांटात लिअँडर पेसने ते आणले. मधली ४४ वर्षे हा देश एकाच माणसाच्या कांस्यावर उभा होता. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे उभे करताना राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवले, असे सांगितले जाते. परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे तर सर्वांना पाठ आहे.

आपल्याला पाठ नसते ते मिरवणुकीनंतरचे. १९५५ साली खाशाबा पोलिसांत फौजदार झाले आणि त्यांची हयात नोकरीत गेली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. पद्म पुरस्कार आजतागायत नाही. २०१० साली दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या निमित्ताने कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव लागले, आणि त्यांची जयंती, १५ जानेवारी, हा राज्य क्रीडा दिन ठरायला त्यांच्या जाण्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे लोटली.

म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांत, ज्या काळात गावोगावी लाखालाखाच्या गर्दीत मैदाने होत होती असे आपण सांगतो, त्याच काळात देशाचा एकमेव वैयक्तिक पदकविजेता पोलिसाच्या वर्दीत मुंबईच्या रस्त्यांवरून जात होता आणि कोणी मागे वळून पाहत नव्हते. ही उपेक्षा केवळ सरकारची म्हणून सोडून देता येत नाही. त्याच काळातले हिंदकेसरी जनतेला पाठ होते. १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, १९६० साली गणपतराव आंदळकर, १९६४ साली मारुती माने. त्यांच्यासाठी लोक मैलोन्‌मैल चालत गेले. त्यांची थोरवी कमी करण्याचा इथे हेतू नाही. आंदळकर आणि माने या दोघांनीही १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत देशाला पदके मिळवून दिली. पण ते दोघेही भरदार देहाचे मल्ल होते. खाशाबा सत्तावन्न किलोंचे होते. मिरवणुकीच्या हत्तीवर ते शोभले असते, फडातल्या शेवटच्या कुस्तीत लोकांनी त्यांना उभे केले नसते.

आपल्या आठवणीलाही वजनगट आहे, आणि तो जड आहे.

४

तरीही बिराजदार का लक्षात राहिले, याचे उत्तर केवळ वजन असे नाही. ते आमच्या मराठवाड्याचे, निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. १९६९ साली लातूरच्या अधिवेशनात ते महाराष्ट्र केसरी झाले. मराठवाड्याच्या मल्लाने मराठवाड्याच्या भूमीवर गदा घेतली, याचा अभिमान आमच्या वडीलधाऱ्यांना शेवटपर्यंत होता. पण माणसे सांगतात ती गदेची कुस्ती नव्हे. ती सांगतात १९७७ साली बेळगावात झालेली सतपालबरोबरची. दिल्लीचा सतपाल अंगाने आणि उंचीने दांडगा; बिराजदार त्याच्यापुढे लहान. आणि बिराजदारांनी त्याला पाडले.

ही कुस्ती मी पाहिलेली नाही. आमच्या गावातल्या कोणी पाहिली असेल असे वाटत नाही. जवळ्याहून बेळगाव काही शेजारी नाही. पण सांगणारे डझनभर भेटले. कोणाच्या सांगण्यात ती दहा मिनिटांत संपते, कोणाच्या सांगण्यात अर्धा तास चालते. डावाचे नावही दोघांचे एक येत नाही. मग हे सगळे गावात आले कुठून? वर्तमानपत्रांतून आले, माळेगावला आलेल्या लातूरकडच्या मंडळींच्या तोंडून आले, वस्तादांच्या गप्पांतून आले, दंगलीतल्या निवेदकाच्या ध्वनिक्षेपकावरून आले. प्रत्येकाने त्यात आपली पदरची भर घातली. ती कुस्ती एकदाच झाली, पण लागली शेकडो वेळा.

फडाचे काम काय असते ते इथे दिसते. जुन्या दंगलीत कुस्तीला वेळेचे बंधन सैल असे. खडाखडी चाले, पैलवान एकमेकांना जोखत. तेवढ्या वेळात निवेदक पैलवानाचे गाव, त्याचा वस्ताद, त्याच्या वस्तादाचा वस्ताद, गेल्या वर्षीची त्याची हार हे सगळे सांगून मोकळा होई. शंकर पुजारी यांच्यासारख्या निवेदकांनी ही कला कुठल्या कुठे नेली. समोर दोन पैलवान झटत असतात आणि कानात शंभर वर्षांची वंशावळ पडत असते. हलगीचा ठेका डावाबरोबर बदलतो. अखेर कोणाची तरी पाठ मातीला लागते. निकाल पाहायला नियमांचे पुस्तक लागत नाही. दहा वर्षांच्या पोरालाही ‘चितपट’ कळते. पाहणे, ऐकणे आणि समजणे ही तिन्ही कामे एकाच जागी होत असल्याने आठवण पक्की बसे.

याच फडात खोटही होती, हे स्मरणरंजन सांगत नाही. बड्या जोडी तासभर झटून बरोबरीत सुटत आणि लोक शिव्या घालत घरी जात. आधीच ठरवून केलेल्या कुस्त्या होत. मोठ्या इनामाच्या कुस्तीला मोठ्या देहाचेच पैलवान लागत आणि लहान चणीचा गुणी पैलवान दुपारच्या उन्हात, गर्दी जमण्याआधी, लढून निघून जाई. आठवण पक्की बसे खरी. ती कोणाची बसवायची हे मात्र फड ठरवत असे.

५

आता आजच्या कुस्तीकडे पाहू. आंतरराष्ट्रीय नियमांची गादीवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन डावांची. मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. गुण मोजायचे, फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की लढत संपली. चितपट अजून आहे, पण पुष्कळ लढती गुणांवरच सुटतात. ही कुस्ती जुनीपेक्षा हलकी आहे, हा समज साफ चुकीचा आहे. सहा मिनिटांत जी गती, जो पकडीचा नेमकेपणा आणि जी तयारी लागते, ती सैल वेळेच्या खडाखडीत लागत नव्हती. पण ती पाहायला डोळा तयार लागतो, आणि तो तयार करण्याचे काम कोणी अंगावर घेतलेले नाही. जो पैलवान ३-२ असा जिंकतो, त्याने ते तीन गुण कसे कमावले हे सांगणारा कोणी नसेल, तर घरी नेण्यासारखे लोकांच्या हाती काहीच राहत नाही.

एक उदाहरण घेतो. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके यांच्यात झाली. सदगीर अकोले तालुक्यातला, शेळके लातूरचा. दोघेही लातूरच्याच काका पवारांचे शिष्य, एकाच तालमीत घाम गाळलेले. सदगीर ३-२ असा जिंकला आणि जिंकल्याबरोबर त्याने हरलेल्या मित्राला खांद्यावर उचलून घेतले. कुठल्याही जुन्या पैलवानाच्या चरित्रात हा प्रसंग असता, तर त्यावर आजवर दहा दिवाळी अंक निघाले असते. पाच वर्षांत त्याची गोष्ट झाली नाही. प्रसंगात काही उणे नव्हते. तो पुन्हा पुन्हा सांगणारी तोंडे कमी पडली.

दुसरीकडे, गोष्ट सांगायची जी जागा उरली होती तीही संघटनांनी मोडली. महाराष्ट्र केसरीचा किताब १९६१ साली औरंगाबादला सुरू झाला. दिनकर दह्यारी पहिले मानकरी. लातूर १९६९, जालना २०१८ असा तो आमच्या भागातही फिरला. एका वर्षी एक गदा, एक नाव. वर्षाचे नाव आणि मल्लाचे नाव जोडून ठेवायची ती साधी खुंटी होती. २०२२ नंतर संघटनेचे दोन तट पडले आणि २०२३ या एका वर्षात तीन महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाल्या : जानेवारीत पुण्याला, मग नोव्हेंबरात फुलगावला आणि धाराशिवला. २०२५ मध्ये पुन्हा दोन. अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, कर्जतला वेताळ शेळके. यात पैलवानांचा काय दोष? पण प्रेक्षकाला आता ‘यंदाचा केसरी कोण?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. ज्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही, तो प्रश्न बाजारच्या बाकड्यावर कोणी विचारत नाही.

आणि अहिल्यानगरचे लोकांना काय आठवते? उपांत्य लढतीतला निकाल न पटल्याने शिवराज राक्षेने पंचांना मारलेली लाथ. अंतिम लढतीत वाद होऊन महेंद्र गायकवाड मैदान सोडून गेला, तेही थोडेफार. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली, म्हणून तीही बातमी. जिंकणाऱ्या पृथ्वीराजने कुठला डाव टाकला, हे मी बाजारात विचारले तर समोरच्याने मला लाथेचा व्हिडिओ दाखवला. पूर्वी एखादी कुस्ती लोकांच्या तोंडी फिरता फिरता मोठी होई. आता ती मोबाइलच्या तुकड्यात कापली जाते आणि तुकडा नेमका कुस्ती थांबलेल्या क्षणाचा असतो.

६

कोणी म्हणेल, लोकांना पडद्याची सवय लागली, म्हणून कुस्ती मागे पडली. हे अर्धेच खरे आहे. पडद्यावरच्या कुस्तीची गोष्ट तर आमचे म्हणणे जास्तच पक्के करते.

दारासिंग आणि किंग काँग यांच्या लढती मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर होत, त्या पैसे देऊन बघायच्या कुस्त्या होत्या. तिथे खेळ किती आणि सोंग किती, याची चर्चा तेव्हाही चाले. नव्वदच्या दशकात केबल आली आणि अमेरिकेतली रेसलिंग खेड्यापाड्यात पोचली. आमच्या शाळेबाहेर पोरे ट्रंप कार्ड खेळत. कोणाची उंची जास्त, कोणाची छाती रुंद यावर पाने जिंकली जात. अंडरटेकर १९९० साली त्या आखाड्यात आला आणि २०२० साली निवृत्त झाला. तीस वर्षे तोच माणूस, तीच काळी टोपी, तीच घंटा. २००७ साली खली जागतिक हेवीवेट विजेता झाला, तेव्हा आमच्या गावात फटाके वाजले नाहीत एवढेच.

त्या धंद्यात निकाल आधी ठरलेले असतात. कोणाला मोठे करायचे, कोणाला पाडायचे, कोणाची गोष्ट किती वर्षे चालवायची, हे लेखक-निर्माते ठरवतात. ‘विसरता न येणारा मल्ल’ तयार करणे हाच त्यांचा व्यवसाय. आणि तरीही आज चाळिशीत असलेली आमची पोरे म्हणतात, ‘आता त्यात राम राहिला नाही, नवीन कोणी लक्षातच राहत नाही.’ ज्या खेळात मल्लाची थोरवी कागदावर लिहून तयार होते, तिथेही हीच तक्रार असेल, तर तिचे मूळ मल्लाच्या ताकदीत शोधणे व्यर्थ आहे. ते दोन ठिकाणी आहे : पाहणाऱ्याच्या वयात, आणि त्याच माणसाला त्याच वेळी वर्षानुवर्षे पाहत राहण्यात. दहाव्या वर्षी पाहिलेला मल्ल डोंगराएवढा दिसतो. आणि रोज शंभर वाहिन्या, हजार तुकडे समोर आले की कोणाशीच ओळख दाट होत नाही.

आपल्याकडेही असा प्रयोग झाला. २०१८ साली झी टॉकीजने पुण्यात महाराष्ट्र कुस्ती दंगल नावाची लीग भरवली. सहा संघ, चित्रपटसृष्टीतली मंडळी मालक, दिवे, संगीत. एका संघाचे नाव ‘वीर मराठवाडा’. खटाटोप चांगला होता आणि पैलवानांना चार पैसे मिळाले, हे महत्त्वाचेच. पण आज जवळ्यात त्या संघातल्या एका मल्लाचे नाव कोणी सांगत नाही. गोष्ट मुरायला वेळ लागतो, आणि दिव्यांच्या झगमगाटाने तो वेळ वाचत नाही.

७

मग सिकंदर शेख विशीतल्या पोरांच्या तोंडी कसा बसला? हे उदाहरण नीट पाहण्यासारखे आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळचा हा हमालाचा मुलगा कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत तयार झाला. गदा मिळण्याआधी कितीतरी वर्षे तो गावोगावच्या मैदानांत पंजाब-हरयाणाच्या पैलवानांशी लढत होता. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याला महेंद्र गायकवाडविरुद्ध एका डावाला दिलेल्या गुणांवरून वाद झाला, सिकंदर हरला आणि राज्यभर त्या डावाची चिरफाड झाली. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच लोक पैलवानाच्या खुराकाबद्दल न बोलता टांगेबद्दल बोलत होते. खांदा टेकला की नाही, याबद्दल भांडत होते. त्याच नोव्हेंबरात फुलगावला त्याने शिवराज राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत चित केले आणि गदा घेतली. त्याच्यामागे एक ओळखीचे घर होते, गावोगावचे फड होते, एक हार होती, तिची परतफेड होती, आणि लोकांनी स्वतः समजून घेतलेला एक डाव होता. नव्या काळातही स्मरणीय मल्ल घडतो, याचा हा पुरावा आहे. अट एकच : लोकांना कुस्ती वाचता आली पाहिजे.

पण सिकंदरही जड गटातलाच. महाराष्ट्र केसरीचा गट आज ८६ ते १२५ किलोंचा आहे. म्हणजे खाशाबा आज असते तर त्यांना या गदेसाठी उभेही राहता आले नसते. राहुल आवारेला आले नाही. राहुल पुण्यात बिराजदारांच्या हाताखाली वाढला, नंतर काका पवारांकडे गेला. गोल्ड कोस्टचे सुवर्ण त्याने आपल्या दिवंगत गुरूला, बिराजदारांना अर्पण केले. ज्या बिराजदारांच्या नावाने आमची म्हातारी माणसे उसासे टाकतात, त्यांनी घडवलेला मल्ल जागतिक पदक घेऊन आला आणि उसासे टाकणाऱ्यांना ते कळले नाही. गुरू आठवतो आणि त्याची विद्या जिथे पोचली ती जागा आठवत नाही, असा हा प्रकार आहे.

याची किंमत आपण मोजतो आहोत. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या एकाही कुस्तीगिराला ऑलिम्पिक पदक मिळालेले नाही. राज्याला पुढचे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळाले ते ७२ वर्षांनी, पॅरिसला, आणि ते नेमबाज स्वप्निल कुसाळेने आणले. त्याच ५७ किलो गटात हरयाणाच्या रवी दहियाने टोकियोत रौप्य आणि अमन सेहरावतने २०२४ साली पॅरिसला कांस्य घेतले. आपण पहिल्यांदा उघडलेल्या दारातून दुसरे आत गेले, आणि आपण अंगणात गदा कोणाची यावर भांडत बसलो. स्त्रियांचे तर बोलायलाच नको. मार्च २०२३ मध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली. बाजारातल्या गप्पांत एकाही पुरुषाच्या पाच नावांत स्त्रीचे नाव आले नाही. मी विचारलेली सगळी माणसे पुरुषच होती, हा माझाही दोष मी नोंदवून ठेवतो.

आमच्या भागातला एक मुलगा मला माहीत आहे. सतरा-अठरा वर्षांचा, चपळ, एकेरी पट काढण्यात तरबेज. वजन सत्तावन्नच्या आसपास. दंगलीला गेला की त्याची कुस्ती दुपारी लागते आणि हाती दोन-तीनशे रुपये पडतात. घरातले, गावातले, सगळे त्याला एकच सांगतात : ‘खा, अंग धर, मग पैलवान दिसशील.’ यात कोणाचा वाईट हेतू नाही. बिराजदार, सतपाल, दारासिंग यांच्या तसबिरी डोळ्यांसमोर ठेवून ते त्याला जोखत आहेत. त्याला ज्याच्याशी जोखायला हवे, त्या खाशाबांचा आणि राहुलचा देह त्यांच्या आठवणीत नाही. स्मरणरंजन निरुपद्रवी असते असे आपण समजतो. या मुलाच्या बाबतीत ते तसे नाही. तो वजन वाढवील, आपल्या गटातून बाहेर पडेल, वरच्या गटात मार खाईल आणि एक दिवस लोक म्हणतील, ‘आता कुठं राहिले पैलवान?’

यावरचा उपाय मोठा नाही. दुपारच्या त्या कुस्त्या कोणीतरी लिहून ठेवाव्यात : तारीख, गाव, जोड, वजन, डाव, निकाल. डाव शब्दांत आणि चित्रांत कसा मांडावा, याचा धडा बडोद्याच्या ‘व्यायाम-ज्ञानकोशा’ने केव्हाच घालून दिला आहे. दंगलीच्या निवेदकाने पाच मिनिटे हलक्या जोडीलाही द्यावीत. आणि आम्ही लिहिणाऱ्यांनी पुढच्या दिवाळीला बदाम मोजण्याऐवजी एक कुस्ती पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगावी.

येत्या जत्रेत त्या मुलाची कुस्ती पाहायला मी हलगी सुरू होण्याआधीच जाऊन बसणार आहे. वही बरोबर असेल.